वणाचा अर्थ कुणी लावायचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तराचा संदर्भ लागेल. विचारणारी बहीण ३१ वर्षांची आहे, शिक्षिका आहे. नऊ वर्षांची असताना घरातला स्टोव्ह भडकला, मान, डावा खांदा आणि दंड भाजला, दोनदा ग्राफ्ट झालं, म्हणजे अंगावरची दुसरीकडची कातडी काढून तिथे लावली. त्याच वर्षांत वडिलांचं पिणं आणि आईला मारणं चालू होतं, आणि स्टोव्ह भडकला त्या संध्याकाळीही घरात भांडण चालू होतं. वडील आता नाहीत. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, देवाचा काहीतरी उद्देश असेल, क्षमा कर आणि विसर. ती विचारते, ताई, ह्या वणांना खरंच काही अर्थ आहे का, की मीच ओढूनताणून शोधतेय? आणि शेवटी, जणू काही महत्त्वाचं नसल्यासारखं, लिहिलंय की पुढच्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे, ब्लाउज बंद गळ्याचा शिवू का?

बाई गं, सलाम. तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटला, त्याच्यावर शेवटी येते.

मी १९ वर्षं नर्स होते, त्यातली ११ बर्न्स वॉर्डात, आणि आता गेली काही वर्षं मंडळ्यांमधून समुपदेशन करते. म्हणजे वण कसा तयार होतो ते रोज हाताखाली बघितलंय आणि त्यानंतर माणसं त्याच्याबरोबर कशी जगतात तेही बघितलंय. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पवित्र शास्त्र मात्र रोज वाचते, आणि वॉर्डात काम केलेल्या बाईला त्यात काही गोष्टी अशा दिसतात ज्या उपदेशात फारशा ऐकू येत नाहीत.

पहिल्यांदा ते "देवाचा उद्देश असेल" बाजूला ठेवू. माझं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं. चांगल्या मनानेच बोलले असतील. पण माझ्या अंगाला दूध येत होतं आणि घरात बाळ नव्हतं, आणि मला एकच वाटलं की असला फुलं तोडणारा देव मला नको. नंतर दीड वर्ष मी उपासनेला मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठून निघायचे. म्हणून सांगते, जखमेला दुसऱ्याने लावलेला अर्थ म्हणजे न धुतलेल्या हाताने केलेलं ड्रेसिंग. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बघ, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्या कारणं देणाऱ्यांवर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

स्टोव्ह भडकला कारण स्टोव्ह भडकतात, पिन खराब असते, रॉकेल सांडलेलं असतं, आणि घरात दारू प्यालेला माणूस हात उगारत असेल तर पोरीकडे कुणाचं लक्ष नसतं. हे त्याचं कारण. ह्यात देवाचा उद्देश मला तरी सापडत नाही आणि तूही शोधू नकोस.

आता वणाबद्दल. आपल्या भाषेत गंमत आहे, "व्रण" म्हणजे जखमही आणि जखम भरल्यावर राहते ती खूणही, आणि त्याच शब्दाचा झिजून झालेला "वण" मात्र फक्त खुणेसाठी. वॉर्डात हा फरक जीवनमरणाचा असतो. जखम उघडी असते, तिच्यातून पाणी जातं, जंतू शिरतात, तिला झाकावंच लागतं. वण म्हणजे शरीराने ते दार बंद केलंय. आधी घाईघाईत एका प्रकारचं कच्चं कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, टाकलं जातं, गवंड्याने पावसाच्या आधी कसंतरी छप्पर घालावं तसं, आणि मग वर्ष दीड वर्ष शरीर ते काढून जास्त पक्कं घालत राहतं. म्हणून सुरुवातीचा लाल, उंच, खाजणारा वण दीड दोन वर्षांनी फिका आणि मऊ पडतो. पण मूळ कातडीइतका तो कधीच मजबूत होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत जातो. आणि खोल भाजलेल्या जागी घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, केस येत नाहीत. तुला एप्रिल-मेमध्ये जास्त उकडत असेल, डोकं गरगरत असेल, ते मनाचं नाही, तेवढ्या कातडीला घामच येत नाही म्हणून.

मनाचंही बरंचसं असंच असतं असं मला इतक्या वर्षांत वाटायला लागलंय. जागा भरते, पण तिथे घाम येत नाही. कुणीतरी शेजारच्या घरात आवाज चढवला की बाकीचे लोक टीव्हीचा आवाज वाढवतात आणि तुझं पोट आवळतं. त्याचा अर्थ तू बरी झाली नाहीस असा होत नाही, आणि तुझा विश्वास कमी आहे असा तर मुळीच नाही. वणाची जागा उन्हात अशीच वागते.

फक्त एक तपासून बघ. वण आहे की अजून जखमच आहे? स्वप्नं पडून दचकून उठतेस का, त्या संध्याकाळचा वास अचानक येतो का, कुठल्या खोलीत जायचं टाळतेस का, जगावंसं वाटत नाही असं होतं का? तसं असेल तर ती उघडी जखम आहे आणि उघड्या जखमेवर फक्त वचन वाचून भागत नाही. ट्रॉमा हा शब्द मुळात ग्रीक, त्याचा अर्थच जखम, आणि लूकच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तोच शब्द आलाय. लुटून, मारून वाटेत टाकलेल्या माणसासाठी तो शोमरोनी काय करतो बघ. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, पैसे देतो आणि परत येईन म्हणतो. ड्रेसिंग, ट्रान्सपोर्ट, ॲडमिशन, बिल आणि फॉलोअप, प्रभूने सगळं सांगितलंय. प्रार्थना करून पुढे निघून जाणारे त्या गोष्टीत दुसरेच दोघं होते, असं मी गमतीने म्हणते, खरं तर त्यांनी प्रार्थना केल्याचंही लिहिलेलं नाही. तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नकोस. रात्री अपरात्री फारच वाईट वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आता जो शास्त्रभाग मला वॉर्डातच कळला तो सांगते. योहान २०. प्रभू पुनरुत्थित झालाय, बंद दारांतून आत येतो, मरीया मग्दालीयेला तो माळी वाटला होता, लूकमध्ये अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर कित्येक मैल चालले तरी ओळखलं नाही. इतकं बदललेलं शरीर. आणि त्या शरीरावर हाताच्या आणि कुशीच्या खुणा मात्र तशाच. मी नाइट ड्युटीला हे वाचलं आणि थांबले. ज्याला मरणातून उठता येतं त्याला कातडी गुळगुळीत करता आली नसती का? आमच्याकडे पेशंट विचारायचे, सिस्टर, हे डाग जातील ना? आणि इथे ज्याचे जाऊ शकत होते त्याने ठेवले. हा प्रश्न फार जुना आहे, जुन्या मंडळीतला धर्मपंडित ऑगस्टिन याने पाचव्या शतकात लिहिताना म्हटलंय की रक्तसाक्ष्यांच्या जखमांच्या खुणा कदाचित पुनरुत्थानातही दिसतील आणि तेव्हा त्या कुरूप वाटणार नाहीत, त्यांच्यात एक प्रकारचं सौंदर्य असेल. प्रकटीकरणातसुद्धा सिंहासनाजवळ कोकरा, म्हणजे प्रभूच, उभा आहे तो वधल्यासारखा.

पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्या खुणा त्याने कुणाला दाखवल्या? शिक्षा फर्मावणाऱ्या पिलाताला नाही. महायाजक कयफाला नाही. ज्यांनी खिळे ठोकले त्या शिपायांना "बघा, काय केलंत" म्हणून नाही. दार लावून घाबरून बसलेल्या आपल्या माणसांना दाखवल्या, आणि स्वतःहून दाखवल्या. मग आठ दिवसांनी, पहिल्या वेळी तिथे नसलेल्या एकट्या थोमासाठी परत आला. थोमाला आपण उगाच संशयी म्हणून बदनाम केलंय, त्याने खुणा बघायला मागितल्या, त्या बाकीच्यांना आधीच दिसल्या होत्या. आणि नीट वाच, थोमाने बोट घातलं असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. चित्रकारांनी घातलंय, कारावाज्जिओच्या चित्रात तर बोट चांगलं पेरभर आत आहे. शास्त्रात प्रभू म्हणतो, बोट इकडे कर, हात पुढे कर, आणि पुढची ओळ थोमाचीच, "माझा प्रभू व माझा देव!" दाखवणं पुरलं. बर्न्सच्या बाईला हे फार जवळचं वाटतं गं, कारण आमच्या पेशंटला लोकांनी बोट लावून बघितलेलं असतं, न विचारता. "दुखतं का अजून?" म्हणून. येशूच्या खुणांना हात लावायची परवानगी त्याने स्वतः दिली, वेळ त्याने ठरवली, माणूस त्याने ठरवला.

मला तुला हेच सांगायचंय, बाकी सगळं ह्याच्याभोवतीच आहे. तुझ्या वणाला अर्थ असेल तर तो तुझ्याकडून सुरू होईल, कुणाला दाखवायचं, केव्हा, किती. मंडळीला साक्ष हवी म्हणून नाही. मला अशी एक मुलगी आठवते, चेहऱ्याची एक बाजू भाजलेली, १९-२० ची असेल, तिला दर तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या सभेत उभी करायचे, देवाने कसं वाचवलं ते सांग म्हणून. लोक रडायचे, ती घरी येऊन दोन दिवस जेवायची नाही. मी तिच्या पाळकसाहेबांना जाऊन भेटले, ते बिचारे खरंच चपापले, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

पौलाची पाठ आठवते मला अशा वेळी. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात हिशेब दिलाय त्याने, पाच वेळा एकुणचाळीस फटके, म्हणजे १९५, शिवाय तीन वेळा छड्या, एकदा दगडमार. त्या पाठीवर धड कातडी उरली नसणार, वणावर वण, आखडलेली, थंडीत ओढणारी. आणि हा हिशेब तो देतो तेव्हा किती नाखुशीने देतो, मी मूर्खासारखं बोलतोय म्हणतो. गलतीकरांना पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहितो, आता मला कुणी त्रास देऊ नये, मी आपल्या शरीरावर येशूच्या खुणा घेऊन चाललोय. तिथला मूळ ग्रीक शब्द गुलामांना डागून जी खूण करत तिच्यासाठी वापरायचे. म्हणजे ज्या खुणेने लोक माणसाला हलका ठरवायचे तीच तो आपल्या मालकाची खूण म्हणून सांगतो. आणि शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी त्रास, काढ म्हणून त्याने प्रभूला तीन वेळा विनंती केली तेव्हा काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. हे वचन मी पेशंटला कधी आपणहून ऐकवत नाही. ज्याला ते लागायचं त्याला आपोआप लागतं. दुसऱ्याने म्हटलं की ते गप्प बस म्हटल्यासारखं ऐकू येतं.

पौलाच्याच गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस फिलिप्पैचा तो बंदिशाळेचा नायक, ज्याच्या कोठडीत पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन पडले होते. भूकंप, दारं उघडी, त्याचा बाप्तिस्मा, हे सगळे सांगतात, पण प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये मध्येच एक वाक्य आहे की रात्रीच्या त्याच घटकेस त्याने त्यांचे घाव धुतले. आधी धुतले, मग बाप्तिस्मा घेतला.

आता क्षमा आणि विसर. विसर हा शब्द कुणी जोडला मला ठाऊक नाही, प्रभू स्वतः खुणांसकट उठला म्हणजे विसरणं हा काही स्वर्गाचा नियम दिसत नाही. क्षमा वेगळी. क्षमा म्हणजे वडिलांनी केलं ते चुकीचं होतं हे आधी मोठ्याने म्हणणं, मग त्याचा हिशेब देवाच्या हातात देणं, आणि हे एकदा होत नाही, ड्रेसिंगसारखं रोज करावं लागतं, काही दिवशी पट्टी चिकटलेली असते आणि काढताना रक्त येतं. तुझे वडील गेलेत म्हणून तुला निदान परत जायचा प्रश्न नाही. पण हे वाचणाऱ्या कुणा बाईला घरात आजही मारहाण होत असेल तर बाई, क्षमेचा आणि त्या घरात राहण्याचा काही संबंध नाही. आधी बाहेर पड, १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन कर, क्षमेचं नंतर बघू.

आणखी एक वॉर्डातली गोष्ट, ती तुझ्या लग्नाच्या ब्लाउजशी जोडलेली आहे. मान भाजलेल्या पेशंटला आम्ही उशी देत नाही. तो रडतो, भांडतो, घरचे चोरून देतात, कारण मान खाली वाकवून ठेवली की दुखत नाही. पण वण भरताना आकसतो, आणि आरामाच्या स्थितीत राहिलं की त्याच स्थितीत हनुवटी छातीला चिकटते. मग परत ऑपरेशन. म्हणून मान मागे टाकून, ताणून, दुखत असताना व्यायाम, प्रेशर गार्मेंट, म्हणजे वण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, दिवसाचे २३ तास, वर्ष वर्ष. तुलाही हे करायला लावलं असेल, आठवत असेल. मी पाहिलंय की मनाचा वणही आरामाच्या बाजूला आकसतो. सांगायचं नाही, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, बंद गळा, लांब बाही, फोटोत उजवी बाजू. ह्यात चूक काही नाही, त्या वेळी त्यानेच जपलं तुला. पण २२ वर्षांनी मान वळते का तेवढं बघावं. थोडं थोडं, आपल्या माणसासमोर.

आणि ह्याच्या उलटही असतं. काही जण म्हणतात मला काही वाटतच नाही आता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांचे हात वर्षानुवर्षं तपासून दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत, बधिर झालेल्या हाताला भाजलेलं कापलेलं कळत नाही म्हणून ती जातात. दुखणं हा पहारेकरी आहे. तुला अजून दुखतं, तू मला दोन पानं लिहिलीस, मला त्याची काळजी वाटली नाही.

तू विचारलंस त्याला अर्थ म्हणतात तो कसा दिसतो? मला विचारशील तर पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली, स्वतः उपाशीपोटी भावाबरोबर पायी देश तुडवला. तो दुष्काळ चांगल्यासाठी होता असं काही त्यांनी लिहिलं नाही, जे भोगलं ते भोगलं असं सरळ लिहिलंय. पण १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्या मुलींचे चेहरे बघून बाकी लोकांना दया आली असेल, रमाबाईंना ओळख पटली. वणाने एवढं होऊ शकतं, दुसऱ्याची जखम ओळखता येते. आता तुला काही केडगाव काढायचं नाहीये, एकदम घाबरू नकोस. तू शिक्षिका आहेस. तुझ्या वर्गात जून महिन्यात कुणी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून येत असेल तर ते तुझ्या लक्षात बाकी शिक्षकांच्या आधी येत असेल, खरं सांग?

माझ्या उजव्या मनगटाच्या वर एक वण आहे, नाताळच्या करंज्या तळताना उकळतं तेल उडालं, बर्न्सच्या सिस्टरला स्वयंपाकघरात भाजलं म्हणून सगळा स्टाफ हसला होता. पेशंटला पहिल्यांदा आरशासमोर उभं करायचं असलं की मी बाही वर सरकवून ठेवायचे. काही बोलायचे नाही. काहींना दिसायचा, काहींना नाही. बाळाबद्दल मात्र मी पहिल्यांदा बोलले ते १४ वर्षांनी, एका बाईच्या खाटेवर बसून, जिचं नुकतंच गेलं होतं. तिने विचारलं, सिस्टर, तुम्हाला कसं कळतं? म्हणून सांगितलं. तिने विचारलं नसतं तर सांगितलं नसतं.

तर ब्लाउज. एक नको, दोन शीव. एक बंद गळ्याचा आणि एक तुला मनापासून आवडेल तसा. त्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहा आणि जो हाताला येईल तो घाल, बंद गळ्याचा घातलास म्हणून तू देवाला कमी पडत नाहीस आणि उघडा घातलास म्हणून काही जिंकलं नाहीस. दुसरा घालायचा विचार असेल तर आदल्या आठवड्यात घरात, आईसमोर आणि त्या धाकट्या भावासमोर एकदा घालून बस, चहा पी, म्हणजे पहिली नजर लग्नाच्या हॉलमधल्या लांबच्या मावशीची नसेल. कापड सुती घे, भरजरी असेल तर आतून मऊ मलमलचं अस्तर लाव. टेलरला सांग की डाव्या खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घे आणि जरीचा काठ मानेला लागू देऊ नकोस, तिथे घासलं की संध्याकाळपर्यंत खाज उठते. वणावर साधं खोबरेल किंवा विनावासाचं मॉइश्चरायझर लाव, मंडपात ऊन येत असेल तर सनस्क्रीन, वणाची जागा लवकर काळवंडते. आणि पाण्याची बाटली जवळ ठेव, तुला घाम कमी येतो हे वरातीत कुणाच्या लक्षात राहणार नाही.

लग्न झालं की कळव, कुठला घातलास ते.